जावयाचा फेटा

"दशरथ पोरे, हा फेटा कुणी बांधलाय, सांगता येईल तुम्हाला?"

फौजदार इंगवले मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. वडसोंडच्या पोलीस ठाण्यात त्याआधी मी एकदाच गेलो होतो, सायकल चोरीला गेली तेव्हा. त्या वेळी मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. आज खुर्ची होती, चहा होता, आणि साक्षात फौजदार मला माझ्या धंद्यातलं विचारत होत्या. मी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि ऐटीत नाकावर चढवला.

फोटो कुणीतरी माडीवरून काढलेला होता. खाली भैरोबाच्या रथाभोवती दाटलेली गर्दी. सदरे सगळ्यांचे पांढरे, आणि वर गुलाल इतका की कुठला फेटा भगवा आणि कुठला हिरवा हे ओळखायची सोय नव्हती. मधोमध एक माणूस पाठमोरा. त्याचं फेटा बांधलेलं डोकं आणि वर गेलेला हात तेवढा दिसत होता. हातात लाकडाची पाचर, रथ थांबवायला चाकाखाली घालतात ती. आणि त्याच्यापुढं, गर्दीकडं पाठ करून दोर सांभाळत उभा असलेला आमच्याच गावचा होमगार्ड, सर्जेराव खोत.

ती पाचर पुढच्याच क्षणी सर्जेरावाच्या डोक्यात बसली होती. जत्रेला तीन दिवस उलटले होते आणि सर्जेराव जिल्ह्याच्या दवाखान्यात अजून बेशुद्ध होता. मारणारा गर्दीत मिसळून गेला. शेकडो लोक हाताच्या अंतरावर, पण प्रत्येक जण म्हणत होता, मी रथाकडं बघत होतो. मग मॅडमनी चावडीपुढं फळा लावला. जत्रेत ज्यानं ज्यानं मोबाईलवर फोटो काढलेत त्यानं ते खालच्या नंबरवर पाठवावेत. दोन दिवसांत दोन हजारांच्या वर फोटो आले. त्यात बकरी होती, भजी होती, कुणाकुणाचे नुसते अंगठे होते. काहींनी बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्याभोवती लाल गोल काढून पाठवला होता. पण मारतानाचा फोटो हा एकच, आणि तोही पाठमोरा.

"बगा म्यॅडम," मी म्हणालो, "त्या दिवशी तीनशे फेटे बांधले म्या. पहाटे चारला बसलो ते दहाला उठलो. माझा हात मला पाठमोरा न्हाई, अंधारात बी कळंल. ह्यो माझाच हाय."

"तीनशेतला कुठला, ते सांगता येणार नाही ना?"

तिथं मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण गप्प बसणं आमच्या घराण्यातच नाही. आम्ही शिंपी, पण माझ्या आजानं टेप टाकून फेटा धरला आणि तेव्हापासून पंचक्रोशीत लग्न असो, जत्रा असो, फेटा म्हटलं की पोरे. पोऱ्यांचा फेटा वरात घरी पोचेपर्यंत हलत नाही, अशी आमची ख्याती.

"येतंय की!" मी पडद्यावर बोट ठेवलं. "डाव्या कानावर ही तीन पदरांची वेणी दिसतीया? ही वेणी बाकी कुणाला घालत न्हाई. तीनशेत एकाच फेट्याला घातली. आमच्या घरचा मान हाय त्यो. नव्या जाव..."

शब्द तिथंच अडकला. माझं बोट पडद्यावरच राहिलं. हवालदाराचं लिहिणं थांबलं.

"नव्या कुणाला?" मॅडमनी विचारलं.

आता न बोलून काय उपयोग होता? अख्ख्या गावाला ठाऊक होतं की माझ्या वृषालीचं लग्न होऊन पाच महिने झालेत आणि जावयाची ही पहिली जत्रा.

---

जावई निवास माळवदे, लग्नानंतर गावातच वेगळं बिऱ्हाड केलेला. आवाज न चढवणारा, पायातली चप्पलसुद्धा सरळ जोडून ठेवणारा मुलगा. ग्रामसेवक म्हणून त्याची निवड झाली होती. हुकूम हातात यायला एकच गोष्ट राहिली होती, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. ती चौकशी त्याच महिन्यात व्हायची होती. आता त्याच कागदावर गुन्हा चढला की नोकरी गेली, आणि सर्जेरावाचं काही बरंवाईट झालं तर नोकरीचं नावच नको.

आणि हे सगळं मी केलं होतं. चहा पिता पिता, विचारलेल्यापेक्षा जास्त सांगून.

तासाभरात निवास ठाण्यात आला. हवालदार मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. त्याच्या मागोमाग वृषाली चालत आली, डोक्यावर पदर नाही, पायात चपला दोन वेगवेगळ्या. ती बाहेरच थांबली. निवास आत आला, मला बघून वाकून नमस्कार केला. ठाण्यात! मला धरणी दुभंगावी असं झालं.

"हा तुमचा फेटा?" मॅडमनी फोटो दाखवला.

निवासनं बराच वेळ बघितलं. "व्हय. तसाच दिसतोय."

"सर्जेराव खोतला का मारलंत?"

"मी मारलं न्हाई."

"मग फोटोत कोण आहे?"

"ठावं न्हाई."

"दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमाराला तुम्ही कुठं होता?"

"जत्रंतच हुतो."

"फेटा तुमच्याच डोक्यावर होता?"

निवासनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. अजून ती नजर माझ्या डोळ्यांपुढं आहे. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय. डोक्यावरच हुता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "माळवदे, नीट विचार करून सांगा. फेटा तुमचा, डोकं तुमचं. मग हात कुणाचा?"

निवासला आतल्या बाकावर बसवून ठेवलं. मला मॅडम म्हणाल्या, तुम्ही जा, गरज लागली तर बोलावू. मी बाहेर आलो. वृषालीनं सगळं खिडकीतून ऐकलं होतं, वेणीची गोष्ट हवालदारानं आधीच सांगितली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमाला कुणी विचारलं हुतं का, वेणी कुणाची म्हणून?"

ती तिथंच पायरीवर बसली. मी घरी चल म्हटलं तर तोंड फिरवलं.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्यापुढं धावली होती. गावाच्या मोबाईल ग्रुपवर तो पाठमोरा फोटो फिरत होता, त्या डोक्याभोवती लाल गोल काढून आणि खाली लिहून, 'फेटेवाल्याचा जावई'. कालपर्यंत ज्यांनी फोटो नीट बघितलाही नव्हता त्यांना आता सगळं आठवायला लागलं. एक म्हणे, मी त्याला पाचर उचलताना बघितलं. दुसरा म्हणे, पोरगं गप्प गप्प असतंय तेव्हाच मला शंका होती. चार घरं सोडून राहणारा सोनार मला भर रस्त्यात म्हणाला, "दशरथराव, चौकशी न करता दिली वो पोरगी." ज्याच्या पोराच्या वरातीत मी एकशेवीस फेटे बांधले तो हा माणूस.

---

माझी बायको सुमन चुलीपुढं बसली होती. भाकरी थापत नव्हती, नुसती बसली होती.

"जेवायला वाढू?" तिनं विचारलं.

"नको."

"मग बसा तिथंच." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पावण्यांनी मारलं आसंल, आसं वाटतंय तुमाला?"

"मला काय वाटायचंय? फोटोत दिसतंय न्हवं. वेणी माझी हाय."

"वेणी तुमची हाय. डोस्कं कुणाचं हाय?"

मी चिडलो. "अगं, जावयाचा फेटा हाय त्यो! रथ देवळात परत येईस्तवर उतरायचा न्हाई, आणि उतरला तर उंबऱ्यावर सासूनं ओवाळून उतरायचा. तूच उतरलास न्हवं?"

हा आमच्या घरचा नियम. पहिल्या जत्रेला जावयाच्या डोक्याला सासऱ्यानं स्वतः फेटा बांधायचा, हिरव्या काठाचा, वेणी घालून. तो मधे उतरवला तर देवाचाही अपमान आणि बांधणाऱ्याचाही. माझ्या थोरल्या दाजींनी एकदा उन्हाला वैतागून उतरवला होता, तर माझे वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नव्हते. मीच ही गोष्ट लग्नानंतर निवासला रंगवून रंगवून सांगितली होती.

"उतरला की म्या," सुमन म्हणाली. "म्हणूनच इचारतीया. त्यांच्या कपाळावर वळ हुता. हा एवढा, बोटाएवढा जाड, काळानिळा. म्या गपचिप खोबरेल लावलं. सकाळी लई आवळून बांधला हुता तुमी."

"माझा फेटा आवळूनच असतोय."

"व्हय की. मग ओवाळताना भुवईवर कशानं आला हुता?"

मी तिच्याकडं बघत राहिलो.

खरं होतं. संध्याकाळी निवास दारात उभा राहिला तेव्हा फेटा त्याच्या भुवयांवर उतरला होता. ताट हातात धरलेल्या सुमनच्या मागं मी उभा होतो आणि मला ते दिसलं होतं. पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? लोकांनी बघायला नको. पोऱ्यांचा फेटा सैल झाला! तीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते नेमकं जावयाच्या डोक्यावर झालं. मी म्हटलं, वय झालं, हाताला पूर्वीचा जोर राहिला नाही. लाज वाटली आणि ती गोष्ट मी मनात गाडून टाकली. ठाण्यात वेणीची फुशारकी मारली, पण फेटा सैल होऊन आला होता हे चकार शब्दानं बोललो नाही. बोलणार तरी कसा, तीनशे फेट्यांचा कारागीर!

"सुमन," मी म्हणालो, "बांधलेला फेटा आपणहून सैल हुईत न्हाई. पीळ सुटला तर फेटा सुटतोय. वेणी तशीच, पीळ तसाच आणि घेर तेवढा वाढलाय, असं कधी हुतंय ठावं हाय का?"

"कधी?"

"मोठ्या डोस्क्यात घातला तर."

सुमननं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळेना. मलाच काय, तिलाही कळत नसावं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ठाण्यात हजर. वृषाली पायरीवरच होती. रात्री मॅडमनी दोघांना त्यांच्या बिऱ्हाडी पाठवलं होतं, ती उजाडताच पुन्हा येऊन बसली होती. निवासला अटक दाखवली नव्हती, पण सकाळी पुन्हा बोलावून बाकावर बसवलं होतं. मी सरळ मॅडमपुढं जाऊन उभा राहिलो.

"म्यॅडम, एक सांगायचं राहिलं." पुढचं बोलायला मला किती जड गेलं, ते फेटा बांधणाऱ्यालाच कळेल. "माझा फेटा सैल झाला हुता."

मॅडमना वाटलं मी जावयाला वाचवायला काहीतरी रचतो आहे. पण मी घरून तो फेटा तसाच आणला होता. जावयाचा फेटा सोडत नाहीत, वर्षभर बांधलेला जपून ठेवतात. मी तो टेबलावर ठेवला, खिशातून टेप काढला, आतला घेर मोजला. चोवीस इंच. मग म्हटलं, आता पावण्यांचं डोकं मोजा. हवालदारानं निवासचं डोकं मोजलं. साडेबावीस भरलं.

"दीड इंचाचा फरक," मी म्हणालो. "बांधताना डोक्यावर बसवूनच बांधतो, पुस्तकातलं पान जाणार न्हाई मधून. दुसऱ्याच्या थोरल्या डोक्यानं तो ताणलाय."

मॅडमनी टेप घेऊन घेर स्वतः पुन्हा मोजला. मग निवासकडं वळल्या. "काल तुम्ही म्हणालात, फेटा डोक्यावरच होता."

निवासनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. पुन्हा तीच नजर. आणि तेवढ्यात दारातून वृषालीचा आवाज आला.

"म्यॅडम, आप्पांना भायेर काढा. ते हितं असले तर हे खरं सांगायचे न्हाईत."

जन्मदात्या बापाला ठाण्यातून हाकलून द्यायला सांगणारी मुलगी मी त्या दिवशी बघितली. मॅडमनी मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं. मी पायरीवर बसलो, वृषालीच्या शेजारी. ती उठून गेली नाही. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मग हवालदार बाहेर आला आणि म्हणाला, "पोरे, आत या. तुमचे डोळे पाहिजेत."

आत मॅडमनी दोन हजार फोटो पुन्हा उघडले होते. माझ्या कालच्या एका वाक्यानं त्यांचं शोधणं थांबलं होतं, ते आता नव्यानं सुरू झालं.

"आतापर्यंत आम्ही चेहरे शोधत होतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही चेहरा बघूच नका. फक्त फेटा बघा. ही वेणी कुठं दिसली की सांगा."

मी बसलो. माणसं सोडून फेटे बघायचे, म्हणजे मी आयुष्यभर केलं तेच. शे-दीडशे फोटो गेले आणि पहिली वेणी दिसली. देवळापुढं, निवासच्या डोक्यावर, ताठ. पोरगं कपाळावर आठ्या घालून हसत होतं. त्या आठ्या मला आता कळल्या.

मग शाळेतल्या एका बाईंचा फोटो. ती दोघं नवरा-बायको रसवंतीत उसाचा रस पिताना. मागं उसाची मोळी उभी, आणि मोळीवर फेटा. नुसता फेटा, डोक्याशिवाय! आणि शेजारच्या बाकावर निवास, डोळे मिटून, डोक्यावर ओला रुमाल ठेवून.

मी नुसतं बोट दाखवलं. मॅडमनी नंबर लिहून घेतला.

पुढं फेटा कुठं दिसेना. मोळी रिकामी. आणि मग निवास दिसायला लागला. एका फोटोत कोपऱ्यात, रसवंतीच्या बाकाखाली वाकलेला. दुसऱ्यात बांगडीवाल्याशी हातवारे करून बोलताना, बोडका. तिसऱ्या फोटोत कुणाचं तरी बाळ पाळण्यात हसतंय आणि मागं आमचे जावई गोडीशेवेच्या दुकानाच्या फळीखाली डोकं घालून, नुसता पार्श्वभाग फोटोत. हवालदार फिस्सकन हसला. मॅडमनीही तोंड फिरवलं. मला मात्र तो पार्श्वभाग बघून रडू आलं, काय सांगू.

अकराच्या सुमाराला हवा होता तो फोटो सापडला. परगावच्या एका आईनं आपल्या मुलीचा काढलेला, हातात फुगा. मुलीच्या मागं एक धिप्पाड माणूस फेटा डोक्यात बसवत होता. दोन्ही अंगठे काठाखाली घालून, जोर लावून खाली ओढत होता. वेणी डाव्या कानावर. गुलाल अजून उडाला नव्हता, चेहरा लख्ख.

"जालिंदर हाय ह्यो," हवालदार म्हणाला. "खालच्या वाडीचा. बैलांचा दलाल. सकाळी रथाच्या दोराला हात लावाय बघत हुता, पिऊन. सर्जेरावानं मागं ढकलला हुता त्येला."

मॅडमनी फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांना मोबाईल घेऊन ठाण्यात बोलावलं. प्रत्येकाच्या मोबाईलवर फोटो काढल्याची वेळ होती. शाळेच्या बाई आल्या, बाळाचा बाप आला, फुगा घेतलेल्या मुलीची आई एसटीनं आली. जालिंदरच्या डोक्यावर फेटा, बारा वाजून सव्वीस मिनिटं. माडीवरचा मारतानाचा फोटो, बारा एकेचाळीस. आणि गोडीशेवेच्या फळीखालचे आमचे जावई, तेही बारा एकेचाळीस. रथापासून अडीचशे पावलांवर.

संध्याकाळच्या आत जालिंदरला आणलं. त्याला ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले तेव्हा तो मटकन खाली बसला. सकाळी ढकलल्याचा राग होता, आणि फेटेवाल्यांच्या गर्दीत मिसळायला त्यानं मोळीवरचा फेटा उचलला होता. मारल्यावर लोक फेटा ओळखतील म्हणून त्यानं तो गर्दीतच टाकून दिला होता. कुणीतरी तो उचलून देवळाच्या दीपमाळेवर ठेवला, फेटा पायदळी कसा येऊ द्यायचा म्हणून. तिथं निवासला तो मिळाला होता. त्यानं देवाला हात जोडले, फेटा डोक्यात घातला आणि आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

त्याच दिवशी दवाखान्यातूनही निरोप आला. सर्जेराव शुद्धीवर आला, आणि त्यानं पहिल्यांदा रथ देवळात नीट पोचला का ते विचारलं. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. ठाण्याबाहेरच्या चहावाल्याला मी सगळ्यांसाठी चहा सांगितला, जालिंदरसकट.

---

घरी परत येताना आम्ही तिघं चालत होतो. वृषाली पुढं, आम्ही सासरा-जावई मागं. शेवटी मीच विचारलं.

"पावणं, एक इचारू? फेटा उतरला का?"

"ऊन लई हुतं, मामा."

"ऊन दरसाल असतंय."

"गर्दी बी हुती."

"पावणं."

तो थांबला. चपलेनं रस्त्यावरची माती सारखी करत राहिला. "मामा, लई आवळला हुता," तो म्हणाला. "अकरापासनं डोळ्यापुढं काजवे चमकाय लागले. सव्वाबाराला वांती हुईल आसं वाटलं. म्हटलं, पाच मिन्टं काढून ठिवावा, कुणाला कळणार न्हाई. तेवढ्यात कुणीतरी नेला."

"मग काल का न्हाई सांगितलं? जेलात गेला असता की!"

"तुमी समोर हुता." तो कसनुसा हसला. "तुमच्या समोर कसं म्हणू, फेटा आवळला म्हणून?"

पुढं चालणारी वृषाली मागं वळली. "आप्पा, साऱ्या गावाला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमच्या फेट्यानं डोस्कं दुखतंय. वरातीत नवरदेव रडत्यात ते बायकूला बघून न्हाई रडत." आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. निवास हसायचं नको म्हणून दाबत होता, त्यालाही आवरेना. मग मीही हसलो. रस्त्यावरचं कुत्रं आमच्याकडं बघत उभं राहिलं.

घरी सुमननं दोघांना ओवाळलं. फेटा नव्हता, नुसतं डोकं.

निवासला त्या पावसाळ्यात हुकूम मिळाला. चारित्र्याच्या दाखल्यावर सही इंगवले मॅडमचीच होती. सोनार पेढे मागायला आला, त्याला दिले. मोबाईल ग्रुपवर लाल गोलाबद्दल कुणी माफी मागितली नाही. काहींनी तर मला येऊन सांगितलं की आम्हाला पहिल्यापासून खात्री होती.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. पण मला सांगायची आहे ती त्याच्या पुढच्या वर्षीच्या जत्रेतली गोष्ट.

पहिल्या जत्रेचा मान विस्कटला होता, म्हणून देवाला विचारून तो पुन्हा करायचा ठरला. निवास पाटावर बसला. मी हिरव्या काठाचा फेटा घेतला, पीळ घातले, तीन पदरांची वेणी डाव्या कानावर बसवली. तीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आवळतंय का, पावणं?"

"न्हाई मामा," निवास लगेच म्हणाला. "एकदम बराबर हाय."

त्याच्या पाठीमागं वृषाली उभी होती, कुशीत दोन महिन्यांची नात. तिनं माझ्याकडं बघून हळूच नकारार्थी मान हलवली. मी फेट्याच्या काठाखाली बोट घालून बघितलं. बोट शिरेना.

मी वेणी सोडली, पीळ सोडले, सगळा फेटा उलगडून मांडीवर घेतला आणि पहिल्यापासून बांधायला लागलो.